साक्षीला देव नसताना

देव न मानणारा माणूस वारला की आपल्याकडच्या शोकसभेत एक वाक्य हमखास येते. तिसरा-चौथा वक्ता उठतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, 'ते स्वतःला नास्तिक म्हणवून घेत. पण खरे सांगू का, आपल्या सगळ्यांपेक्षा तेच मोठे आस्तिक होते.' सभा माना डोलावते. घरच्यांनाही बरे वाटते. गोपाळ गणेश आगरकरांना तर 'देव न मानणारा देवमाणूस' हे बिरुद कायमचे चिकटले आहे. बोलणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण या कौतुकाचा मला मनापासून राग येतो. ज्याने आयुष्यभर एक गोष्ट विचारपूर्वक सांगितली, तो उत्तर द्यायला उरला नाही असे पाहून त्याला परस्पर आपल्या पंगतीला बसवून घेणे हा कसला सभ्यपणा? चांगुलपणा दिसला की तो देवाचा आणि दुष्टपणा दिसला की तो देव न मानल्याचा परिणाम, हा निवाडा त्या वाक्यात आधीच देऊन झालेला असतो.

या निवाड्यामागचा युक्तिवाद मात्र पक्का आहे, आणि कीर्तनाच्या फडापासून विद्यापीठाच्या वर्गापर्यंत तो थोड्याफार फरकाने ऐकू येतो. चांगले काय, वाईट काय हे माणसानेच ठरवायचे म्हटले, तर ते आज एक आणि उद्या दुसरे होईल. त्याला माणसाच्या वरचा, न हलणारा आधार हवा आणि तो धर्मच देऊ शकतो. नास्तिक चांगला वागतो तो आजी-आजोबांनी साठवलेल्या श्रद्धेच्या ठेवीवर. मुद्दल त्याने टाकलेले नाही, व्याज मात्र तो खातो. दोन-तीन पिढ्यांत ठेव संपली की त्याची नातवंडे कशी वागतील ते बघा! शिवाय सुखाच्या दिवसांत सगळेच चालते. पोटचे मूल गेले, डॉक्टरांनी रिपोर्ट हातात देऊन मान खाली घातली, म्हणजे तुमचा विवेक कुठल्या कामाचा?

हे बोलणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. चांगली, विचार करणारी माणसे ते बोलतात. म्हणून ठेवीपासूनच सुरुवात करू.

आगरकर 1856 साली कराडजवळच्या टेंभूत जन्मले. घरची परिस्थिती इतकी बेताची की शिक्षण मिळेल ती कामे करत, कुणाकुणाच्या आधाराने झाले. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला पाठवलेले पत्र मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले आहे: मुलगा आता मोठ्या पगाराचा अंमलदार होईल अशी आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. त्यांनी ते केलेही. न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज, 'केसरी'चे संपादकपद. कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात 1882 साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस. मग मतभेद, 'केसरी' सोडणे आणि 1888 पासून 'सुधारक'. दम्याने शरीर पोखरलेले. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1895 साली वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा ते गेले. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून ते अज्ञेयवादी झाले होते. मेल्यानंतर या कष्टांची भरपाई मिळेल अशी त्यांची समजूत नव्हती.

आता ठेवीचा हिशेब मांडू. आगरकरांना संस्कारांची ठेव मिळाली असेल, तर त्याच पुण्यात त्यांच्या विरोधकांनाही ती मिळाली होती, आणि ती कांकणभर जास्तच होती. तीच व्रते, तेच श्लोक, तेच पंचांग. त्यातून एकाला विधवेचे केशवपन अमानुष वाटले आणि दुसऱ्याला ते धर्मकर्तव्य वाटले. ठेव सारखी आणि वागणे उलटे, तर वागण्याचे कारण ठेवीत शोधून कसे सापडेल? समोरच्या बाईला काय सोसावे लागते ते बघायचे आणि बघितल्यावर 'असे का?' म्हणून विचारायचे, एवढे आगरकरांनी केले. ही दोन कामे करायला पोथीची परवानगी लागत नाही. उलट त्या काळी पोथीची मनाई मोडूनच ती करावी लागली.

संमतिवयाच्या कायद्याचे उदाहरण इथे घेतलेच पाहिजे, कारण 'न हलणारा आधार' प्रत्यक्षात कसा चालतो ते त्यात उघडे पडते. 1860 च्या दंडसंहितेने पत्नीचे संमतिवय दहा वर्षे ठरवले होते. 1889 साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या आसपासच्या नवऱ्याच्या समागमाने रक्तस्राव होऊन मेली. तिने दहावे ओलांडले होते, म्हणून बलात्काराचा आरोप कायद्याने टिकू शकत नव्हता. नवऱ्याला हलक्या कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. यानंतर वय दहाचे बारा करण्याचे विधेयक आले आणि देशभर, विशेषतः बंगालात आणि पुण्यात, वादळ उठले. विरोधकांचे म्हणणे असे की पहिल्या ऋतुप्राप्तीला गर्भाधानसंस्कार झालाच पाहिजे. बाराची अट घातली तर हिंदूंना धर्म मोडावा लागेल. टिळकांनी परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून विरोध केला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच शास्त्रांचा आधार घेऊन दाखवत होते की प्रौढपणी लग्न करायला शास्त्राची आडकाठी नाही. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने उभे राहिले.

म्हणजे ग्रंथ एक, पंडित दोन्हीकडे, वचने दोन्हीकडे. मग कोणते वचन खरे मानायचे हे कोणी ठरवले? ते पुन्हा माणसानेच ठरवले. भांडारकरांच्या विद्वत्तेविषयी मला पूर्ण आदर आहे, पण दहा वर्षांच्या मुलीचे हाल त्यांना आधी दिसले असावेत आणि अनुकूल वचन नंतर सापडले असावे, असा माझा तर्क आहे. आजही हेच चालते. विधवा मुलीचे दुसरे लग्न लावून देणारा भाविक बाप आधी मुलीच्या तोंडाकडे बघतो आणि मग गुरुजींना विचारतो. गुरुजींनी नाही म्हटले तर तो गुरुजी बदलतो. 1891 साली तो कायदा झाल्यानंतर संमतिवय टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते अठरा केले. या सव्वाशे वर्षांत एकाही स्मृतीतली एक ओळ बदललेली नाही. बदलली ती माणसांची समज. दहा वर्षांची अट पुरेशी आहे असे आज म्हणणारा भाविक मला तरी भेटलेला नाही.

मग धर्मनिष्ठ माणूस आणि मी यांत फरक कुठे राहिला? दोघेही आपल्या बुद्धीने आणि करुणेने निवड करतो. तो निवड केल्यावर ती वरून आली असे म्हणतो. मी ती माझी आहे असे म्हणतो, आणि चुकली तर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोय मला नसते. यात माझे काही मोठेपण आहे असे नाही. पण 'माणसाने ठरवलेली नीती डळमळीत आणि आमची भक्कम' हा दावा यानंतर कशावर उभा राहतो, ते मला कळत नाही.

आता अर्थाचा प्रश्न. विश्वाला हेतू नसेल तर तुमच्या धडपडीला तरी काय हेतू, असे विचारले जाते. रघुनाथ धोंडो कर्वे यांना हे कोणी विचारले असते तर त्यांनी बहुधा आपल्या कोरड्या शैलीत दोन ओळींत वाटेला लावले असते. गणिताचे प्राध्यापक, पक्के निरीश्वरवादी. 1921 साली, लंडनमध्ये मारी स्टोप्स यांचे केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले ते 1953 मध्ये मरेपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि तरीही निकाल विरुद्ध गेला. पत्नी मालतीबाईंनी या सगळ्यात साथ दिली. मूल होऊ द्यायचे नाही हा दोघांचा निर्णय होता, म्हणजे 'वंशासाठी' हे कारणही त्यांच्याकडे नव्हते. कर्वे गोड माणूस होते असा माझा दावा नाही. त्यांचे लेखन वाचताना पुष्कळदा अंगावर काटेरी फांदी ओढल्यासारखे वाटते. पण बाळंतपणांनी खचलेल्या बायकांचे शरीर हा प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि तो त्यांना पुरेसा होता. विश्वाच्या हेतूचा निकाल लागेपर्यंत थांबून राहावे, असे त्यांना वाटले नाही.

उलट वरून मिळालेला अर्थ दरवेळी चांगलाच असतो, हे कोणी सांगितले? कर्मविपाकाच्या सिद्धान्ताने या देशात प्रत्येकाच्या आयुष्याला अर्थ दिला होता. मैला वाहणाऱ्याला सांगितले की गेल्या जन्मीच्या पापामुळे तू हे करतो आहेस, निमूट कर, पुढचा जन्म सुधारेल. किती परिपूर्ण, किती निःशंक अर्थ! त्यात संदेहाला फटच नव्हती. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या दलितांनी हा तयार अर्थ नाकारला, त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जाळली, आणि आपल्या आयुष्याला दुसरा अर्थ द्यायला सुरुवात केली.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत मजबूत मुद्दा येतो, आणि तो बहुतेक बुद्धिवादी टाळतात. महाडचा नेता धर्म सोडून मोकळा राहिला नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंसह त्याने दुसरा धर्म घेतला. समाजाला नीतीच्या बंधनाची गरज असते, ते बंधन नुसत्या कायद्याने निभत नाही, धर्म हवाच, असे आंबेडकर स्पष्टपणे मांडत. मग तुमचे आगरकर-कर्वे ठीक, पण बाबासाहेबांचे काय?

त्यांनी कोणत्या अटींवर धर्म निवडला, ते बघा. 1950 साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातल्या लेखात त्यांनी त्या अटी मांडल्या: धर्म बुद्धीला पटणारा असावा, स्वातंत्र्य-समता-बंधुता मानणारा असावा, दारिद्र्याला पवित्र ठरवणारा नसावा. म्हणजे आधी मूल्ये ठरली आणि मग त्या मापाने धर्म पारखला गेला. धर्म जर मूल्यांचा उगम असेल, तर त्याला मोजायला माप कुठून आणले? मृत्यूनंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथातला धम्म तर ईश्वर मानत नाही, आत्मा मानत नाही, वचन बुद्धाचे आहे एवढ्यावरून ते खरे मानत नाही. इतर धर्मांत देवाला जे स्थान आहे ते या धम्मात नीतीला आहे. नीती चारचौघांत, समुदायात जगली पाहिजे, या त्यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. धार्मिक निश्चिततेच्या बाजूने साक्षीदार म्हणून मात्र त्यांना कोणी बोलावू नये. त्यांची साक्ष उलटी जाते.

राहिला दुःखाचा प्रश्न. इथे मला काही गोष्टी सरळ कबूल करायच्या आहेत. घरात मृत्यू झाला की धर्माजवळ करण्यासारखे काहीतरी असते. कोणी पाणी आणायचे, कोणी दर्भ आणायचा, दहाव्याला कोठे जमायचे, तेराव्याला कोणाला जेवायला बोलवायचे. सुन्न झालेल्या माणसाला हात हलवायला काम मिळते आणि घर माणसांनी भरलेले राहते. आम्ही देहदानाचा अर्ज भरून ठेवतो, विधी नको असे लिहून ठेवतो, आणि शववाहिका वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेली की मागे राहिलेल्यांनी दुपारी काय करायचे, हे कोणालाच माहीत नसते. ही आमची उणीव आहे, आणि 'विधी म्हणजे निव्वळ वेडेपणा' असे हसून ती भरून निघणार नाही. विज्ञानाने सगळे सोडवले आहे अशा थाटात बोलणारा विवेकवादीही मला तितकाच असह्य होतो. त्याने फक्त निश्चिततेचा पुरवठादार बदललेला असतो.

पण सोबत वेगळी आणि निश्चितता वेगळी. दुःखात टिकवणारी गोष्ट सोबत आहे, आणि ती पुरवायला स्वर्गाची खात्री असावी लागत नाही. या बाबतीत आपल्या संतांचीच साक्ष काढतो. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकारामांची पहिली बायको आणि मुलगा गेला. त्यानंतर त्यांच्या अभंगांत जे आहे ते शांत खात्रीचे बोलणे नाही. तिथे तळमळ आहे, तक्रार आहे, देवाशी उघड भांडण आहे. जनाबाईने विठोबाला घातलेल्या शिव्या आजही वारीत गायल्या जातात. ज्याला निश्चित उत्तर मिळाले आहे तो असा भांडत नाही. भक्त स्वतः संशयाने पोळलेला असतो. 'आमच्याकडे पक्की खात्री आहे' हा दावा बहुतेक वेळा त्याच्या वतीने बोलणारे वकील करतात.

आणि खात्री नसताना दुःख कसे सोसायचे, याचेही उदाहरण फार दूरचे नाही. देवाला आता निवृत्त करा असे जाहीरपणे लिहिणारे नट डॉ. श्रीराम लागू. धावत्या गाडीवर कोणीतरी दगड मारला आणि त्यांचा तरुण मुलगा तन्वीर त्यात गेला. आपल्या लोकांनी वाट पाहिली असेल की आता तरी म्हातारा देवळाची पायरी चढेल. लागूंनी आपले म्हणणे बदलले नाही. त्यांनी आणि दीपा लागू यांनी मुलाच्या नावाने रंगभूमीवरच्या कामासाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला. त्यांचे दुःख त्यामुळे हलके झाले की नाही, हे ठरवणारा मी कोण? पण निरीश्वरवादी दुःखात कोसळतोच, हा सिद्धान्त मात्र तिथे कोसळतो.

हेच लागू, निळू फुले आणि इतर कलावंत 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव करत फिरले आणि त्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्यासाठी. त्यामागे बाबा आढाव होते, नरेंद्र दाभोलकर होते. पुण्य मिळेल म्हणून हे झाले नाही. ज्यांच्या कामावर समाज फुकट जगतो त्यांचे काही देणे लागतो, एवढाच त्यामागचा विचार. 'नास्तिकांनी काय उभे केले?' असे विचारणाऱ्यांनी साताऱ्यात दाभोलकरांनी व्यसनमुक्तीसाठी उभी केलेली 'परिवर्तन' संस्थाही पाहून यावी.

असे काही थोर लोकांचे झाले, सामान्य माणसाला मात्र देवाच्या धाकाशिवाय भागत नाही, असा एक शेवटचा बचाव असतो. त्यात सामान्य माणसाचा जो अपमान आहे तो मला सर्वांत जास्त खुपतो. आणि या देशाने तो अपमान एकदा मतदान घेऊन नाकारला आहे. 17 ऑक्टोबर 1949 ला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी सूचना मांडली की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. लगेच आसामच्या रोहिणीकुमार चौधरींनी विचारले की आम्ही शाक्त, मग देवीचे नाव का नको? (निश्चिततेचे हे असे असते, ती आली की मागोमाग 'कोणाची?' हा प्रश्न येतो.) पूर्णिमा बॅनर्जींनी विनवले की देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मतदान झाले: बाजूने 41, विरुद्ध 68. म्हणून न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही चार मूल्ये सांगणाऱ्या उद्देशिकेची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' याच शब्दांनी होते. विरुद्ध मत देणारे ते सगळेच काही नास्तिक नव्हते. सश्रद्ध माणसेही आपल्या देवाला बाजूला ठेवून एकत्र मूल्ये ठरवू शकतात, हे त्यांनी करून दाखवले.

त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला आणि आमदाराला दोन पर्याय दिले आहेत, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. 1969 च्या शपथ अधिनियमाने न्यायालयातल्या साक्षीदारालाही हीच मोकळीक दिली. सरकारी अर्जात 'धर्म नाही' असे लिहिण्याचा नागरिकाचा हक्क 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला. साक्षीदार खोटे बोलला तर शपथ घेणाऱ्याला आणि दृढकथन करणाऱ्याला कलम एकच लागते. देव साक्षीला होता म्हणून सूट नाही आणि नव्हता म्हणून जादा शिक्षा नाही. नास्तिकाच्या शब्दामागे आधार नसतो असे ज्यांना आजही वाटते त्यांनी आपल्या विधिमंडळात 'ईश्वरसाक्ष' म्हणत शपथ घेतलेल्यांची यादी काढावी. ती फार लांब निघेल. मग त्यातल्या किती जणांना ती साक्ष पाच वर्षे पुरली, ते मतदार म्हणून स्वतःच मोजावे.